पिकअप गाडींतील हवेचा दिवा : खोटा इशारा कसा ओळखावा व कसा दूर करावा

ज्या शेतकऱ्याचा भाजीपाला, फळें किंवा दूध दररोज बाजारांत जातें, त्याला बैलजोडीइतकीच आपल्या पिकअप गाडीचीही निगा ठेवावी लागते. बैलाच्या पायांत कांटा रुतला तर तो लंगडूं लागतो व धन्याला तें तत्काळ कळतें. गाडीच्या चाकांतील हवा मात्र मुकाट्यानें कमी होते. हौदा मालानें भरलेला असला व वाट रात्रीची असली, म्हणजे चाक बसत चाललें आहे हें चालकाच्या ध्यानांत बहुधा उशिरांच येतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं अलीकडील पुष्कळ गाड्यांत चालकासमोर एक पिवळा दिवा बसविलेला असतो. त्यावर खालीं चपटलेल्या नालासारखी टायरची आकृति असून तिच्या मध्यभागीं उद्गारचिन्ह असतें. चाकांत हवा कमी झाली कीं हा दिवा लागावा, असा त्याचा हेतु.

परंतु चाकांत पुरेशी हवा असतांही हा दिवा लागतो, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. अशा वेळीं कोणी त्यावर काळी पट्टी चिकटवितो, तर कोणी तो नेहमींच लागलेला असतो असें समजून त्याकडे पाहण्याचें सोडून देतो. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून उगाच ओरडणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या गोष्टींत मेंढ्यांवरच निभावलें. येथें माल व माणसें या दोहोंच्याही जिवावर बेतण्याचा संभव असतो. नारायणगांवचा टोमॅटो पहाटे वाशीच्या बाजारांत पोंचवावयाचा असतां घाटांत मागचा टायर फुटला, तर काय प्रसंग ओढवेल हें निराळें सांगावयास नको. म्हणून हा दिवा खरें सांगतो कीं खोटें, तें कसें पारखावें, आणि खोटें सांगत असल्यास त्याला खरें बोलावयास कसें लावावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. लेखांत हवेचें माप ‘पौंड’ या रूढ शब्दानेंच दिलें आहे. त्याचा अर्थ दर चौरस इंचावर तितक्या पौंडांचा दाब, असा समजावा.

दिव्याची उत्पत्ति

हा दिवा गाड्यांत आला तो केवळ सोयीसाठीं नव्हे. इ. स. २००० च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंत फायरस्टोन कंपनीनें सुमारें ६५ लक्ष टायर परत मागविल्याचें जाहीर केलें. त्यांपैकीं पुष्कळसे टायर फोर्ड कंपनीच्या ‘एक्स्प्लोरर’ नांवाच्या गाड्यांना बसविलेले होते. गाडी वेगांत असतां टायरचा वरचा पट्टा आंतील थरापासून सुटून येई व गाडी उलटे. अशा अपघातांत दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. या गाडीच्या चाकांत २६ पौंड हवा ठेवावी असें गाडी करणारांनीं सुचविलें होतें, तर टायर करणारांनीं पुढें ३० पौंडांचा आग्रह धरला. दोष नेमका कोणाचा यावर दोघांत मोठा वाद माजला. मात्र कमी हवा, उष्ण दिवस, वेग व ओझें हीं एकत्र आलीं असतां टायरचा घात होतो, ही गोष्ट त्या निमित्तानें सर्वांच्या डोळ्यांसमोर आली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत तेथें नवा कायदा झाला व त्यास अनुसरून नियम ठरले. १ सप्टेंबर २००७ पासून तयार होणाऱ्या, १०,००० पौंड म्हणजे ४,५३६ किलोपर्यंत एकूण वजनाच्या सर्व नव्या मोटारींत व पिकअप गाड्यांत हा दिवा सक्तीचा झाला. मात्र आंसाच्या प्रत्येक टोंकाला जोडचाकें असणाऱ्या गाड्या त्यांतून वगळल्या. कोणत्याही चाकांतील हवा ठरलेल्या मापापेक्षां शेंकडा २५ नें कमी झाली कीं दिवा लागला पाहिजे, असा नियमाचा आशय आहे. हा शेंकडा २५ चा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व उलगडा त्यावरच अवलंबून आहे.

हवा कमी झाल्यानें टायर कां फुटतो, हेंही येथें सांगितलें पाहिजे. ओझें टायर उचलतो असें आपण म्हणतों, परंतु तें वस्तुतः आंतील हवा उचलते. हवा कमी पडली कीं टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वांकतात. तार वारंवार वांकविली असतां ती जशी तापते व शेवटीं तुटते, तसेंच येथें होतें. रबर तापतें, थर सुटतात, आणि दहावीस कोस कांहीं न होतां चाललेला टायर एकाएकीं फाटतो.

यंत्राची रचना

हें यंत्र दोन जातींचें असतें. पहिल्या जातींत प्रत्येक चाकाच्या आंत, बहुधा व्हॉल्व्हच्या मुळाशीं, एक लहानसा सेन्सर असतो. तो आंतील दाब व उष्णता मोजून बिनतारी संदेशानें गाडींतील संगणकाला कळवितो. संदेश साधारणतः ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरींवरून जातो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा निराळा क्रमांक असतो. अमुक क्रमांक पुढील डाव्या चाकाचा, तमुक क्रमांक मागील उजव्या चाकाचा, अशी नोंद संगणकांत केलेली असते. सेन्सरची बॅटरी आंतच बंद केलेली असून ती साधारणपणें पांच ते दहा वर्षें टिकते. ती संपली म्हणजे बदलतां येत नाहीं. सबंध सेन्सरच नवा घालावा लागतो.

दुसऱ्या जातींत चाकाच्या आंत कांहीं नसतें. ब्रेकच्या कामासाठीं चाकांचे फेरे मोजणारें जें साधन गाडींत असतेंच, त्याचाच येथें उपयोग करून घेतलेला असतो. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित् कमी होतो, त्यामुळें तेवढ्याच अंतरांत तें इतर चाकांपेक्षां अधिक फेरे घेतें. त्यावरून संगणक तर्क करितो. चालकासमोर प्रत्येक चाकाचा पौंडांचा आंकडा दिसत असेल, तर गाडी पहिल्या जातीची आहे असें समजण्यास हरकत नाहीं. आंकडा दिसत नसेल, तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत पाहून खात्री करून घ्यावी.

प्रथम हवा मोजावी

इशारा खोटा आहे असें म्हणण्यापूर्वीं तो खरा नाहीं हें सिद्ध करणें अवश्य आहे. त्यासाठीं स्वतःच्या मालकीचें एक चांगलें गेज गाडींत असावें. रस्त्यावरच्या दुकानांतील गेज दिवसांतून शेंकडों वेळां आपटलेलें असतें. त्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. मोजणी पहाटे, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर व चाकांवर ऊन येण्यापूर्वीं करावी. चालकाच्या दाराजवळील खांबावर चिकटविलेल्या पत्रकांत पुढील व मागील चाकांचे जे आंकडे दिलेले असतात, ते थंड चाकाचे होत. टायरच्या बाजूवर जो मोठा आंकडा उठविलेला असतो, तो त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो; गाडींत भरावयाची हवा नव्हे. या दोहोंची गल्लत पुष्कळांकडून होते.

थंडीच्या दिवसांत लागणारा दिवा बहुतेक वेळां खराच असतो. हवा थंड झाली कीं आकसते व तिचा दाब उतरतो. ३५ पौंडांच्या टायरांत उष्णता दहा अंश सेल्सिअसनें उतरली तर सुमारें पावणेदोन पौंड कमी होतात. ८० पौंडांच्या टायरांत तितक्याच फरकानें सुमारें तीन पौंड. निफाडकडील पौषांतल्या एखाद्या पहाटेचें उदाहरण घेऊं. दुपारीं दूरवर गाडी चालवून चाकांतील हवा ५० अंशांपर्यंत तापलेली असतां त्यांत ३५ पौंड मोजून भरले. पहाटे पारा ८ अंशांवर आला. आतां त्याच चाकांत २८ ते २९ पौंड उरतील. इशाऱ्याची मर्यादा २६ च्या थोडी वर आहे. म्हणजे व्हॉल्व्हमधून आणखी दोन-अडीच पौंड झिरपले कीं दिवा लागणारच. दुपारपर्यंत चाकें तापतात, दिवा आपोआप विझतो, आणि मालक म्हणतो कीं दिव्यांतच बिघाड आहे. वास्तविक बिघाड दिव्यांत नसून तापलेल्या चाकांत हवा मोजण्याच्या संवयींत आहे. याच कारणास्तव प्रवासांत चाक तापून आंकडा चार-सहा पौंडांनीं वाढलेला दिसला, तर ती वाढ काढून टाकण्यासाठीं हवा सोडूं नये.

थंड चाकें मोजून सर्व आंकडे पत्रकाप्रमाणें आढळले, पंधरावीस मिनिटें गाडी चालवूनही दिवा विझला नाहीं, तरच इशारा खोटा समजावा. कित्येक सेन्सर गाडी उभी असतां संदेश धाडीत नाहींत, म्हणून हवा भरल्याबरोबर दिवा विझला नाहीं तरी घाबरूं नये.

दिव्याचें लागणेंही दोन तऱ्हेचें असतें. गाडी सुरू करतांच दिवा एक ते दीड मिनिट उघडझांप करून मग स्थिर राहिला, तर त्याचा अर्थ ‘हवा कमी आहे’ असा नसून ‘यंत्रांतच बिघाड आहे, मला चाकांचें कांहीं कळत नाहीं’ असा आहे. उघडझांप न करितां दिवा एकदम स्थिर लागला, तर संगणकाला कोणत्या तरी चाकांत हवा कमी दिसत आहे. हा भेद ओळखला तर अर्धें काम झालें.

चाकांची अदलाबदल व मोडलेली नोंद

स्थिर लागणाऱ्या खोट्या दिव्याचें, विशेषतः पिकअप गाडींतील, एक मोठें कारण म्हणजे टायर सारखे झिजावेत म्हणून केलेली चाकांची अदलाबदल होय. साध्या मोटारींत पुढील व मागील चाकांत हवा जवळ जवळ सारखीच असते, त्यामुळें अदलाबदलीनें फारसें बिघडत नाहीं. मोठ्या पिकअप गाडींत मात्र ओझें मागील चाकांवर येत असल्यानें दोहोंचीं मापें निराळीं असतात.

असें समजूं कीं पत्रकांत पुढील चाकांस ६० व मागील चाकांस ८० पौंड सांगितले आहेत. म्हणजे पुढील चाकांत ४५ व मागील चाकांत ६० पौंड उरले कीं दिवा लागेल. कारागिरानें मागचीं चाकें पुढें व पुढचीं मागें बसविलीं, आणि नव्या जागेप्रमाणें पुढें ६० व मागें ८० अशी हवाही बरोबर केली. परंतु सेन्सरचे क्रमांक संगणकांत पूर्वीच्याच जागीं राहिले. गुरांच्या कानांतील बिल्ल्यांचे क्रमांक वहींत टिपावे, मग गोठ्यांत गुरांच्या जागा बदलाव्या, आणि वही तशीच ठेवून त्याप्रमाणें आंबोण घालावें, तसाच हा प्रकार झाला. आतां पुढें बसलेल्या ६० पौंडांच्या चाकांना संगणक मागचीं चाकें समजतो. तेथें त्याची मर्यादाच ६० ची असल्यामुळें पहाटे एक-दोन पौंड उतरतांच दिवा लागतो. मालक चारीं चाकें मोजतो, सर्व ठीक आढळतात, आणि इशारा खोटा ठरतो.

येथवर केवळ कटकट झाली. खरा धोका याच्या उलट बाजूस आहे, व त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. मागें बसलेल्या ८० पौंडांच्या चाकांना संगणक पुढचीं चाकें समजत आहे, आणि पुढील चाकांसाठीं त्याची मर्यादा ४५ आहे. म्हणजे भरलेल्या हौद्याखालचें मागील चाक ८० वरून ७०, ७० वरून ६०, ६० वरून ५० पर्यंत उतरलें, तरीही हें यंत्र त्या चाकाविषयीं चकार शब्द काढणार नाहीं. जेथें आरडाओरड नको तेथें तें ओरडतें, आणि जेथें ओरडलें पाहिजे तेथें मूग गिळून बसतें. खोटा दिवा म्हणून त्यावर पट्टी चिकटविणारा मनुष्य एका खोट्या इशाऱ्याबरोबर हें खोटें मौनही पदरांत घेतो. या एका कारणासाठीं तरी खोट्या दिव्याचें मूळ शोधून काढलेंच पाहिजे.

नोंद उलटसुलट झाली आहे कीं काय, हें पाहण्याची एक सोपी रीति आहे. चालकासमोर आंकडे दिसत असतील तर पुढील डाव्या चाकांतून चार-पांच पौंड हवा सोडावी व दहा-पंधरा मिनिटें रिकामी गाडी हळू चालवावी. आंकडा त्याच चाकाचा उतरला तर नोंद ठीक आहे; दुसऱ्याच चाकाचा उतरला तर दोष सांपडला. नंतर हवा पुनः भरून घ्यावी व याच तऱ्हेनें बाकीचीं चाकें एकेक करून तपासावीं.

नोंद नव्यानें करण्याची रीति गाडीगणिक भिन्न असते. कांहीं नव्या गाड्या ती आपोआपही करितात. फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या पुष्कळ पिकअप गाड्यांत ठराविक क्रमानें चावी, ब्रेक किंवा बटणें दाबून संगणकाला ‘शिकण्याच्या’ स्थितींत आणतात. मग पुढील डावें, पुढील उजवें, मागील उजवें व मागील डावें या क्रमानें प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हजवळ हातांत मावणारें एक लहान यंत्र धरतात. सेन्सर ओळखला गेला कीं हॉर्न वाजतो व पुढच्या चाकाकडे जावयाचें असतें. हें काम वेळेच्या मर्यादेंत पुरें करावें लागतें. मध्येंच थांबल्यास पुनः पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. चांगल्या टायरच्या दुकानीं हें यंत्र असतें. सारांश, अदलाबदल करून घेतांना ‘सेन्सरची नोंदही नवी करा’ असें आधींच सांगावें, व ती केल्याशिवाय गाडी बाहेर काढूं नये.

रीसेटचें बटण

कांहीं गाड्यांत रीसेटचें बटण असतें. टोयोटाच्या अनेक गाड्यांत तें दिवा तीन वेळां सावकाश उघडझांप करीपर्यंत दाबून धरावयाचें असतें. हें बटण दिवा विझविण्यासाठीं आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. बटण दाबणें म्हणजे ‘या क्षणीं चाकांत जी हवा आहे तीच योग्य होय’ असें संगणकाला सांगणें. हवा कमी असतां दाबलें तर कमी हवेचाच पाठ त्याला दिल्यासारखें होतें, व पुढें तीहून शेंकडा २५ नें कमी होईपर्यंत तो गप्प बसतो. म्हणून प्रथम थंड चाकांत पत्रकाप्रमाणें हवा भरावी व मगच बटण दाबावें. दुसऱ्या जातीच्या यंत्रांतही टायर बदलल्यावर, अदलाबदल केल्यावर किंवा हवा भरल्यावर रीसेट करणें जरूर असतें. त्या जातींत एक चाक नवें व तीन झिजलेलीं असलीं, तर घेर निराळे असल्यामुळें खोटा दिवा लागूं शकतो. एका आंसावर सारख्या झिजेचे टायर ठेवावे, हाच त्यावर उपाय.

इतर कारणें व त्यांवरील उपाय

स्टेपनी. कांहीं पिकअप गाड्यांत स्टेपनीच्या चाकांतही सेन्सर असतो. स्टेपनी हौद्याखालीं चिखलांत व धुळींत लटकलेली असते व वर्ष-वर्ष तिची हवा कोणी पाहत नाहीं. चारीं चाकें ठीक असून दिवा विझत नसेल, तर प्रथम वांकून स्टेपनी पाहावी. हा इशारा खोटा नव्हेच. उलट, वाटेंत पंक्चर झाल्यावर जी गोष्ट कळावयाची ती आधींच कळली, हा लाभ झाला.

मुद्दाम कमी ठेवलेली हवा. रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर फार उसळते म्हणून कांहीं मालक मागील चाकांत हवा कमी ठेवतात. ८० च्या जागीं ६० ठेवली कीं दिवा लागणारच. तो खोटा नाहीं. रिकाम्या गाडीला ६० पौंड कदाचित् पुरतील, परंतु संध्याकाळीं तिच्यांतच कांद्याच्या गोण्या भरल्या जातात, व त्या वेळीं हवा वाढविण्याची आठवण कोणास राहत नाहीं.

बॅटरी संपणें. सात-आठ वर्षांच्या गाडींत दिवा सुरवातीस उघडझांप करूं लागला, कीं एखाद्या सेन्सरची बॅटरी संपली असा अंदाज करावा. थंडींत बॅटरीचा जोर कमी होत असल्यामुळें हा दोष आधीं पहाटेच दिसूं लागतो. चारींचें वय एकच असल्यानें एक गेला कीं बाकीचेही फार दिवस राहत नाहींत. म्हणून नवे टायर घालतांना, चाक खोललेलेंच असतां, चारीं सेन्सर एकदम बदलणें मजुरीच्या दृष्टीनें स्वस्त पडतें. नवा सेन्सर गाडीच्या लहरींना जुळणारा असावा व त्याची नोंद संगणकांत केलेली असावी. ३१५ च्या गाडीला ४३३ चा सेन्सर घातला तर तो मुक्यासारखा बसून राहतो.

टायर चढवितांना झालेली इजा. टायर खोलतांना पहारीचा किंवा यंत्राचा दाब नेमका व्हॉल्व्हजवळ पडला तर सेन्सर मोडतो. पंक्चर बुजविण्यासाठीं चाकांत घालावयाचे चिकट द्रव सेन्सरचें बारीक छिद्र बुजवितात. तसे द्रव घालणें भाग पडलें असेल, तर टायर दुरुस्त करतेवेळीं सेन्सर पुसून घेण्यास सांगावें. चाक कारागिराच्या स्वाधीन करतांना ‘यांत सेन्सर आहे’ हे तीन शब्द उच्चारण्यास कांहीं खर्च येत नाहीं, व पुढील पुष्कळ खर्च वांचतो.

व्हॉल्व्ह गंजणें. सेन्सरचा व्हॉल्व्ह पुष्कळदां ॲल्युमिनियमचा असतो. त्यांत साधी पितळी पिन घातली तर दोन धातूंच्या संगतीनें गंज चढतो, पिन अडकते व हवा झिरपूं लागते. कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेंत हें विशेष लवकर होतें. अशा व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा दिलेलीच पिन वापरावी व टोपण प्लॅस्टिकचें ठेवावें. धातूचें शोभेचें टोपण कालांतरानें असें चिकटतें कीं तें काढतांना व्हॉल्व्हच तुटतो.

लहरींचा व्यत्यय. मोबाइलचे हलके चार्जर, स्वस्त दिवे, विजेचे इन्व्हर्टर किंवा रस्ता टिपणारे कॅमेरे यांतून निघणाऱ्या लहरी सेन्सरच्या क्षीण संदेशावर मात करितात. दिवा कधीं लागतो, कधीं लागत नाहीं, असा चंचल दोष असेल, तर अशीं सर्व उपकरणें दोन-तीन दिवस काढून ठेवावीं व एकेक करून पुनः लावावीं. ज्याच्या पाठोपाठ दोष परत येईल तोच गुन्हेगार.

बाहेरून बसविण्याच्या टोप्या. ज्या पिकअपना कारखान्यांतून हा दिवा आलेला नाहीं, त्यांच्यासाठीं व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून बसविण्याचे सेन्सर बाजारांत मिळतात. त्यांतील खोट्या इशाऱ्याचें नेहमींचें कारण असें कीं, इशाऱ्याच्या मर्यादा कारखान्यांत लहान मोटारीच्या मापानें ठरविलेल्या असतात. मागील चाकांची हवा त्या मापाच्या वर गेली कीं ‘हवा जास्त’ म्हणून यंत्र ओरडतें. मर्यादा आपल्या गाडीच्या पत्रकाप्रमाणें, पुढच्या व मागच्या आंसासाठीं निराळ्या बसवून घ्याव्या. आंकडे पौंडांत आहेत कीं बारमध्यें, हेंही पाहावें. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड. या टोप्यांची बॅटरी घरीं बदलतां येते, परंतु आंतील रबरी कडी नीट बसली नाहीं तर टोपींत पाणी शिरतें. टोपी बसविल्यावर व्हॉल्व्हला साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें अवश्य पाहावें. नाहीं तर हवा राखण्यासाठीं बसविलेली टोपीच हवा दवडावयाची.

तपासणीचा क्रम

वरील विवेचनावरून तपासणीचा क्रम येणेंप्रमाणें ठरतो :

१. पहाटे थंड चाकें, स्टेपनीसुद्धां, स्वतःच्या गेजानें मोजावीं व दाराजवळील पत्रकाप्रमाणें हवा भरावी.

२. पंधरावीस मिनिटें गाडी चालवून पाहावी. दिवा विझला तर इशारा खरा होता. आठ दिवसांनीं पुनः मोजून, कोणतें चाक उतरतें आहे तें हुडकावें व त्या चाकांत खिळा आहे कीं व्हॉल्व्ह झिरपतो हें पाहावें.

३. न विझल्यास दिवा सुरवातीस उघडझांप करितो कीं एकदम स्थिर लागतो हें पाहावें.

४. उघडझांप असल्यास सेन्सरची बॅटरी, मोडतोड, चुकीचा सेन्सर किंवा लहरींचा व्यत्यय यांचा शोध घ्यावा.

५. स्थिर असल्यास अलीकडे चाकांची अदलाबदल झाली होती काय हें आठवावें, हवा सोडून नोंद तपासावी व नव्यानें करून घ्यावी. रीसेटचें बटण असल्यास तें हवा बरोबर केल्यावरच दाबावें.

६. दोष सांपडेपर्यंत दिवा नाहीं असेंच समजून, माल भरण्यापूर्वीं दररोज गेजानें चाकें मोजावीं.

शेवटच्या कलमाकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधणें जरूर आहे. दिवा दुरुस्त झाल्यावरही गेज अडगळींत टाकूं नये. हवा शेंकडा २५ नें घटेपर्यंत हा दिवा लागत नाहीं. म्हणजे ८० पौंडांच्या चाकांतून १९ पौंड गेले तरी तो स्वस्थच राहणार. भरलेल्या गाडीला इतकी तूट परवडणारी नाहीं. समृद्धि महामार्गासारख्या सिमेंटच्या सरळ रस्त्यावर उन्हाळ्याच्या दुपारीं तासन् तास एकाच वेगानें धांवणाऱ्या टायरला तर मुळींच नाहीं. दिवा हा राखणदार आहे. धन्यानें स्वतः शेतावर फेरी घालावयाची असते ती असतेच. महिन्यांतून दोनदां पहाटेचीं पांच मिनिटें चाकांना द्यावीं, टायरच्या कामानंतर सेन्सरची नोंद करून घ्यावी, आणि दिव्यावर काळी पट्टी असल्यास ती आजच काढून टाकावी.